कापडाच्या गावात मापाचा ड्रेस का मिळत नाही? भरल्या अंगाच्या बाईचे कपडे, त्यांची मापं आणि शिलाईची गोष्ट

मालेगाव म्हटलं की पॉवरलूमचा खडखडाट आठवतो. मुंबई-आग्रा महामार्गावरचं, गिरणा आणि मोसम नद्यांच्या काठचं हे शहर. इथे लाखाहून जास्त यंत्रमाग चालतात आणि रात्रंदिवस कापड निघतं. तरीही याच शहरात छातीचं माप ४६ असलेल्या बाईला रेडिमेड कुर्ता घ्यायचा असेल, तर मोसम पुलापासून किदवाई रोडपर्यंत फिरून एकच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त: "ताई, डबल एक्सएलच्या पुढे येतच नाही."

आणि येतो तो कसा? खांदा दंडावर उतरलेला, दंडाला मात्र घट्ट, पोटावर ताणलेला आणि रंग एकतर काळा नाहीतर मेंदी. बाई घरी येते आणि आरशात बघून स्वतःलाच दोष देते. "वजन कमी झालं की मग चांगले कपडे घेऊ" असं ठरतं. मधल्या काळात भाचीचं लग्न होऊन जातं, मुलाच्या शाळेचं स्नेहसंमेलन होऊन जातं, नोकरीची मुलाखतही होऊन जाते.

यात बाईच्या शरीराची चूक किती आणि कपड्याची किती? उत्तर बऱ्याच अंशी कपड्याच्या बाजूने जातं, आणि त्यामागे जवळपास शंभर वर्षांचा हिशोब आहे.

आधी शब्दाचं बघू

दुकानात "हेल्दी" म्हणतात, नातेवाईक "तब्येतीने चांगली" म्हणतात, लग्नाच्या स्थळात "सुदृढ" लिहितात आणि भांडणात "जाडी" म्हणतात. इंग्रजीतून आलेला "प्लस साइज" हा त्यातल्या त्यात व्यापारी शब्द. साधारण एक्सएलच्या पुढच्या मापांना तो लावला जातो, पण रेष नेमकी कुठे आखायची हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

अशा बायका किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के बायकांचं वजन उंचीच्या मानाने जास्त आढळलं. शहरांत हे प्रमाण ३३ टक्के होतं. म्हणजे शहरातली दर तिसरी बाई. दर तिसऱ्या गिऱ्हाइकाला "तुमच्या मापाचं येत नाही" सांगणारा दुसरा कुठला धंदा असेल असं वाटत नाही.

वजन आणि आरोग्य हा डॉक्टरांशी बोलायचा विषय आहे आणि तो त्यांच्याशीच बोलावा. पण आज सकाळी अंगावर काय घालायचं, हा प्रश्न वजन उतरेपर्यंत थांबत नाही.

एक्सएल, डबल एक्सएल हे आकडे आले कुठून?

रेडिमेड कपडा म्हणजे न बघितलेल्या माणसासाठी शिवलेला कपडा. त्यामुळे कंपनीला अंदाज बांधावा लागतो. हा अंदाज शास्त्रशुद्ध करायचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत १९३९-४० साली झाला. तिथल्या कृषी खात्याने सुमारे १५ हजार बायकांची प्रत्येकी ५९ मापं घेतली. रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी हे काम १९४१ मध्ये प्रसिद्ध केलं. गंमत अशी, की त्यातला हिशोब फक्त गोऱ्या बायकांच्या मापांवर केला. पुढे १९५८ मध्ये त्याच्या आधाराने मापांचं प्रमाण ठरलं आणि १९८३ मध्ये ते मागेही घेतलं गेलं, कारण खऱ्या बायका त्या तक्त्यात बसत नव्हत्या.

मोठ्या मापांची गोष्ट त्याहून जुनी आहे. लिथुआनियातून न्यूयॉर्कला गेलेली लेना ब्रायंट ही विधवा शिवणकाम करून पोट भरायची. १९०४ च्या सुमारास तिने दुकान टाकलं. बँकेच्या कागदावर "लेना"चं चुकून "लेन" झालं आणि दुकानाचं नाव "लेन ब्रायंट" पडलं. सुरुवात गरोदर बायकांच्या कपड्यांपासून झाली. नंतर तिच्या इंजिनिअर नवऱ्याने दुकानातल्या सुमारे साडेचार हजार गिऱ्हाइकांची मापं तपासली, विमा कंपनीकडची सुमारे दोन लाख बायकांची माहिती पडताळली आणि त्याच्या लक्षात आलं की मोठ्या शरीराचा एकच साचा नसतो. कुणाची छाती भरलेली, कुणाचे नितंब, कुणी सगळीकडून सारखी. त्याप्रमाणे कपडे शिवले आणि धंदा तुफान चालला.

भारतात मात्र देशातल्या शरीरांचा स्वतःचा तक्ता फार काळ नव्हताच. कंपन्या अमेरिका-ब्रिटनचे तक्ते थोडेफार वाकवून वापरत आल्या. म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट यांनी "इंडिया साइज" हा प्रकल्प हाती घेतला. १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांहून जास्त लोकांचं थ्रीडी स्कॅनरने माप घ्यायचं, सहा शहरांत, अशी त्याची आखणी. मुंबई, दिल्ली, कोलकाता, शिलाँग ही त्यातली काही शहरं. पण दुकानातली बहुतेक लेबलं आजही प्रत्येक ब्रँडच्या स्वतःच्या तक्त्यावर चालतात. त्यामुळे एका ब्रँडचा डबल एक्सएल दुसऱ्याच्या एक्सएलएवढा निघतो.

खरी चूक होते ती इथे

कारखान्यात प्रत्येक माप वेगळं आखत नाहीत. एक मधलं माप, समजा छाती ३६, नीट बसवून घेतात. मग त्यावरून ठरावीक इंच वाढवत ३८, ४०, ४२ काढतात. छाती वाढली की कंबर वाढते, खांदा वाढतो, गळा वाढतो, उंचीही थोडी वाढते.

पण माणूस असा फुग्यासारखा सगळीकडून सारखा फुगत नाही. वजन वाढलं तरी खांद्याचं हाड तेवढंच राहतं. वाढ होते ती दंडावर, छातीवर, पोटावर, नितंबावर, मांड्यांवर, आणि प्रत्येकीची वेगळी. म्हणून मोठ्या मापाच्या कुर्त्यात खांदा लोंबतो आणि बाही मात्र अडकते. गळा एवढा मोठा होतो की पिन लावावी लागते. दंड नीट मावावा म्हणून आणखी मोठं माप घेतलं की बाकीचा कुर्ता तंबू होतो.

थोडक्यात, "मला काहीच शोभत नाही" असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा खांदा आणि मुंढा चुकलेला असतो. मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात तो काखेचा गोल. खांद्याची शिवण बरोबर हाडाच्या टोकावर आली की निम्मा कपडा तिथेच बसला असं समजायला हरकत नाही.

आकडे नव्हते तेव्हा काय होतं?

गंमत म्हणजे या भागातल्या जुन्या कपड्यांना माप नव्हतंच. नऊवारी लुगडं हे सव्वाआठ मीटर कापड, ते सडपातळ सुनेलाही तेच आणि भरल्या अंगाच्या सासूलाही तेच. खणाची चोळी पुढे गाठ मारून घालायची. दिवस गेले, बाळंतपण झालं, वजन वाढलं, तरी गाठ थोडी सैल केली की काम झालं. परकर नाडीचा. सलवार नाडीची.

शिवलेल्या कपड्यांतही युक्ती होती. जुन्या पद्धतीचा कळीदार कुर्ता घ्या. हातमागाच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, कमी असायची. त्यामुळे मधे सरळ पट्टी, दोन्ही बाजूंना तिरक्या कळ्या आणि काखेत एक छोटा चौकोनी तुकडा अशी जोडणी करत. तो चौकोनी तुकडा म्हणजे फार हुशारीचं काम होतं. त्यामुळे हात वर केला तरी कुर्ता वर ओढला जात नाही आणि दंडाला कापड काचत नाही. कळ्यांमुळे नितंबावर घेर मिळतो, पण खांदा आहे तेवढाच राहतो. कारखान्याच्या तक्त्याला जे आजही जमत नाही ते या कुर्त्याने कधीच जमवलं होतं.

बाईला आकड्यात बसायची वेळ आली ती हुक लावलेला घट्ट ब्लाउज आणि नंतर रेडिमेड ड्रेस आल्यावर.

मालेगावचा फायदा: कापड आणि शिंपी

मालेगावचे माग बहुतांशी "ग्रे" कापड विणतात. ग्रे म्हणजे राखाडी रंगाचं नव्हे, तर न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड. ते पुढे रंगाई-छपाईसाठी बाहेर जातं, त्यात राजस्थानातली पाली आणि बालोतरा ही मोठी ठिकाणं. तिथून रंगून आलेलं कापड परकर, ब्लाउज, ड्रेस म्हणून देशभर विकलं जातं. म्हणजे मालेगावात विणलेलं कापड पालीला रंगून, दुसऱ्याच शहरात एक्सएलचं लेबल लागून परत मालेगावच्याच दुकानात येऊ शकतं, आणि मालेगावच्या बाईला होत नाही!

मात्र या गावात ताग्यातलं कापड आणि शिवणारे हात, दोन्ही जवळ आहेत. मोठ्या शहरातल्या बाईला माप देऊन शिवून घेणं महाग आणि कटकटीचं वाटतं. कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा भागात, शिवून घेणं अजून रोजच्या व्यवहारातलं आहे. भरल्या अंगाच्या बाईसाठी हाच सगळ्यात भरवशाचा रस्ता. फक्त कापड घेताना दोन गोष्टी बघायच्या.

पहिली, पन्हा. समजा नितंबाचं माप ५० इंच आहे. त्यात चालता-बसता यावं म्हणून चार इंच सैलपणा धरला, शिंपी त्याला "लूजिंग" म्हणतात. झाले ५४. पुढचा भाग २७ आणि मागचा २७, शिवणीची माया धरून प्रत्येकी २९. कापडाचा पन्हा ४४ इंच असेल तर एका उंचीत एकच भाग निघतो. म्हणजे पुढचा-मागचा मिळून दोन उंच्या लागतात, ४२ इंची कुर्त्याला जवळपास सव्वादोन मीटर. बाजूला १५ इंचांची पट्टी उरते, पण दंडाचा घेर १८ असेल तर त्यात बाही बसत नाही. बाहीसाठी आणखी अर्धा मीटर घ्यावं लागतं. पन्हा ५८ असेल तर दोन्ही भाग एकाच उंचीत काठावर बसतात आणि बाह्या धरून पावणेदोन मीटरच्या आसपास भागतं. तयार ड्रेसपीस "पुरत नाही" असं शिंपी म्हणतो तेव्हा तो टोमणा नसतो, हे गणित असतं. ड्रेसपीस घेण्याआधी टॉपचं कापड किती मीटर आणि पन्हा किती, एवढं विचारलं तरी पुढची चिडचिड वाचते.

दुसरी, कापडाचा पोत. एप्रिल-मे महिन्यांत मालेगावचा पारा ४२-४३ च्या पुढे जातो. अशा उन्हात निव्वळ पॉलिस्टर अंगावर घाम धरून ठेवतं. छातीखाली, पोटाच्या वळीत, काखेत आणि मांड्यांच्या मध्ये त्वचा त्वचेवर घासते, ओली राहते आणि पुरळ येतं. भरल्या अंगाच्या बायका हे मुकाट्याने सोसतात आणि कुणाला सांगत नाहीत. उपाय साधे आहेत: अंगाला लागणारं अस्तर सुती, कुर्त्याखाली गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी आणि ओले कपडे लगेच बदलणं. पुरळ गेलं नाही, वास किंवा जखम झाली, तर मेडिकलमधून अंदाजाने मलम न आणता त्वचेच्या डॉक्टरला दाखवावं.

पोताचं आणखी एक. फार पातळ आणि चिकटणारं कापड प्रत्येक वळी दाखवतं. फार जाड, कडक कापड शरीरापासून उभं राहतं आणि आहे त्यापेक्षा रुंद दाखवतं. मधल्या वजनाचं, खाली सरळ पडणारं कापड, मग ते सुती असो की रेयॉन की क्रेप, बहुतेकींना बरं बसतं. दुकानात तागा उलगडून हातभर कापड नुसतं लोंबत धरलं तरी ते कसं पडतं हे कळतं.

माप देताना

माप अंतर्वस्त्रापासून सुरू होतं. ब्रेसियरच्या मापात दोन भाग असतात. आकडा येतो छातीच्या खालच्या घेरावरून, अक्षर येतं छातीचा भरलेला घेर आणि खालचा घेर यांच्या फरकावरून. फरक जितका जास्त तितकं अक्षर पुढचं. दुकानात मोठं अक्षर नसलं की मोठा आकडा हातात देतात. मग पट्टी पाठीवर वर चढते आणि सगळा भार खांद्यावरच्या पट्ट्यांवर येऊन खांदे दुखतात. पट्टी पाठीला आडवी, सरळ रेषेत राहिली पाहिजे. ज्या ब्रेसियरवर ब्लाउज घालायचा तीच घालून माप द्यावं, नाहीतर टक्स भलतीकडे येतात.

शिंप्याकडे जुना ब्लाउज "मापाला" टाकून यायची सवय आपल्याकडे फार. जुना ब्लाउज चुकलेला असेल तर नवाही तसाच चुकणार. दरवर्षी एकदा तरी अंगावरून माप द्यावं. छाती, छातीखालचा घेर, कंबर, पोट, नितंब, खांदा, मुंढा आणि दंड, एवढी मापं लागतात. पोटाचं माप कंबरेपेक्षा वेगळं घ्यायला सांगावं; बरेच जण ते घेतच नाहीत आणि कुर्ता नेमका तिथेच ताणतो. नितंबाचं माप बसूनही घेऊन बघावं, बसल्यावर ते दोन-तीन इंच वाढतं. दंडाचं माप हात खाली सोडून, दंडाच्या सगळ्यात भरलेल्या जागी.

ब्लाउजला भरलेल्या छातीसाठी साध्या टक्सपेक्षा कटोरी किंवा प्रिन्सेस कट चांगला बसतो, कारण आकार शिवणीतून येतो, कापड ताणून नाही. आणि आतमध्ये दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच माया सोडायला आवर्जून सांगावं. वजन वर-खाली होतंच. माया असली की ब्लाउज उसवून चालतो, नसली की कपाटात पडतो.

साडी: निऱ्या कमी का पडतात?

साडी सगळ्यांना होते हे खरं, पण सगळ्यांना सारख्या निऱ्या देत नाही. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरची. नेसताना ती कंबरेभोवती जवळपास दोन वेढे घेते. नितंबाचं माप ३६ असेल तर वेढ्यांत ७२ इंच जातात, ५० असेल तर १००. फरक २८ इंचांचा. पाच इंची एका निरीला दहा इंच कापड लागतं, म्हणजे जवळपास तीन निऱ्या कमी. निऱ्या कमी झाल्या की साडी पायात तंग होते आणि पदरही आखूड पडतो.

यावर सोपा इलाज आहे. बऱ्याच साड्यांना ब्लाउजपीस आतल्या टोकाला जोडलेला असतो. तो कापायचाच नाही. ब्लाउजचं कापड वेगळं घ्यायचं. जवळपास ८० सेंटीमीटर जास्तीचं कापड आत जातं आणि गेलेल्या तीन निऱ्या परत मिळतात. जवळच्या येवल्याची पैठणी घ्यायची असेल तर मागावरच लांबी वाढवून विणून मिळेल का, हे विणकराला आधी विचारता येतं. महाग साडीच्या बाबतीत हे विचारणं फायद्याचंच.

निऱ्या बेंबीच्या बरोबर खाली खोचण्याऐवजी थोड्या बाजूला आणि पसरून खोचल्या तर पोटावर गठ्ठा होत नाही. कॉटनच्या कडक साडीला आदल्या रात्री निऱ्या घालून इस्त्री फिरवली की ती फुगत नाही.

नाडीकडे दुर्लक्ष नको

साडी सुटू नये म्हणून परकराची नाडी करकचून बांधायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. पोट मोठं असेल तर नाडी वळीत रुतते आणि दिसतही नाही. तिथे काळा वळ पडतो, खाज येते, साल निघते. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनी इथल्या डॉक्टरांनी "बीएमजे केस रिपोर्ट्स" या वैद्यकीय नियतकालिकात दोन बायकांची प्रकरणं मांडली. एकीच्या परकराच्या नाडीखाली, दुसरीच्या घट्ट नेसलेल्या लुगड्याखाली वर्षानुवर्षं घासून जखम झाली होती, आणि त्या न भरणाऱ्या जखमेचा कर्करोग झाला होता. असा प्रकार नवा नाही. डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४५ सालीच धोतराच्या घट्ट गाठीखाली होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती.

हे फार क्वचित घडतं, घाबरून जाण्यासारखं नाही. पण कंबरेवरची जखम काही आठवड्यांत भरली नाही तर दाखवावी. आणि नाडीऐवजी दोन इंची रुंद पट्टी किंवा रुंद इलॅस्टिक लावलेला परकर शिवून घ्यावा. रोज एकाच जागी न बांधता थोडं वर-खाली बांधावं. घरी आल्यावर नाडी सैल करावी. साडीखाली घालायचे अंगाला घट्ट बसणारे शेपवेअर परकर हल्ली खूप विकले जातात. त्यांनी साडी चापूनचोपून बसते हे खरं, पण श्वास अडखळत असेल किंवा जेवण जात नसेल तर माप चुकलंय. त्यात पाऊलही मोठं टाकता येत नाही, तेव्हा खिसा असलेली उभी चीर बघून घ्यावा.

बुरख्याचंही माप असतं

मालेगावात बुरखा घालणाऱ्या बायका मोठ्या संख्येने आहेत, आणि "बुरखा काय, सगळ्यांना होतो" हा गैरसमजही तितकाच मोठा. रेडिमेड बुरख्याची मापं बहुतेक वेळा उंचीवरून असतात: ५४, ५६, ५८ इंच. त्यात रुंदी उंचीबरोबर वाढते. त्यामुळे बुटकी आणि भरल्या अंगाची बाई अडचणीत येते. रुंद हवा तर लांब घ्यावा लागतो आणि लांब घेतला तर तो पायात येतो. जिना चढताना, रिक्षात बसताना, गाडीच्या चाकाजवळ हा धोका खरा असतो. खाली कापून शिवून घेणं आणि नितंबापासून पुढे कळ्या टाकून घेणं, हा स्वस्त उपाय. गडद पॉलिस्टरच्या आत कृत्रिम कपडाच घालण्याऐवजी सुती घातला तर उन्हाळा थोडा सुसह्य होतो.

काळंच का? आडवे पट्टे का नको?

"आडवे पट्टे घालू नकोस, जाड दिसशील" हे प्रत्येकीने ऐकलेलं असतं. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्येच दाखवलं होतं की आडव्या रेषांनी भरलेला चौकोन उभ्या रेषांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद भासतो. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठात पीटर थॉम्पसन आणि कायरियाकी मिकेलिडू यांनी हे माणसांच्या चित्रांवर तपासलं. २०११ साली आलेल्या त्यांच्या अभ्यासातही आडव्या पट्ट्यांनी शरीर रुंद दिसतं या समजुतीला आधार मिळाला नाही. म्हणजे मावशीचा सल्ला प्रेमाचा असला तरी पक्का नव्हता.

काळ्या रंगाचंही तसंच. काळ्यात सावल्या दिसत नाहीत म्हणून वळ्या कमी उठून दिसतात, इतकं खरं. पण न बसणारा काळा कुर्ता हा न बसणारा कुर्ताच असतो. मापात शिवलेला मोरपंखी, राणी किंवा पिवळा त्यापेक्षा केव्हाही चांगला. मोठ्या अंगावर अगदी बारीक बुट्टी हरवून जाते आणि मध्यम ते मोठी नक्षी खुलते, असं अनुभवी साडीवाले सांगतात. तेही स्वतः अंगावर धरून बघावं आणि मग ठरवावं.

पडद्यावर काय बदललं?

मराठीत जाड बाई म्हणजे विनोदाची जागा, हा नाटक-सिनेमाचा जुना रिवाज. तो थोडा हलला. २०१६ मध्ये सचिन कुंडलकरांचा "वजनदार" आला. सई ताम्हणकर आणि प्रिया बापट यांनी त्यासाठी वजन वाढवलं होतं. त्याच वर्षी मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये प्लस साइज मॉडेल रॅम्पवर चालल्या. २०२० मध्ये कलर्स मराठीवर "सुंदरा मनामध्ये भरली" सुरू झाली आणि अक्षया नाईकने साकारलेली लतिका रोज संध्याकाळी घराघरात दिसू लागली. मालिकेची नायिका जाड असणं ही तोवर विरळ गोष्ट होती. २०२१ च्या सुरुवातीला "महाराष्ट्राची हास्यजत्रा"मधल्या वनिता खरातचं कॅलेंडरसाठी काढलेलं, कपड्यांशिवायचं छायाचित्र आलं. शिव्या आणि शाबासकी दोन्ही मिळाल्या, आणि "बॉडी पॉझिटिव्हिटी" हा शब्द मराठी बातम्यांत रुळला.

इन्स्टाग्रामवर आता भरल्या अंगाच्या मराठी मुली साड्या नेसून दाखवतात, रिल्स करतात. त्यांचा खरा उपयोग वेगळाच आहे. आपल्यासारख्या अंगावर कापड कसं पडतं ते विकत घेण्याआधी दिसतं. कंपनीच्या फोटोतली मॉडेल ३२ मापाची असते आणि खाली ४ एक्सएलपर्यंत उपलब्ध असं लिहिलेलं असतं. त्या फोटोवरून काय अंदाज येणार?

ऑनलाइन मागवताना

साइज चार्टमध्ये दोन प्रकारची मापं असतात आणि गोंधळ तिथेच होतो. एक शरीराचं माप, दुसरं शिवलेल्या कपड्याचं. कपड्याची छाती ४४ असेल तर तो ४० ते ४१ छातीच्या बाईला सैलसर बसेल, ४४ छातीच्या बाईला नाही. चार्टवर कुठलं माप दिलंय ते वाचावं. कळत नसेल तर घरातला सगळ्यात चांगला बसणारा कुर्ता जमिनीवर सपाट पसरावा, काखेपासून काखेपर्यंत मोजावं, दुप्पट करावं आणि तो आकडा चार्टशी ताडून बघावा. मापात शंका असेल तर मोठं घ्यावं: मोठा कपडा आत घेता येतो, लहान वाढवता येत नाही. "फ्री साइज" लिहिलेलं असेल तर कमाल माप किती हे विचारावं. परत करायची सोय नसलेल्या ठिकाणी डोळे झाकून पैसे भरू नयेत.

रेडिमेड घेतलाच, तर तो खांद्याला आणि छातीला बसेल असा घ्यावा आणि बाकीचं अल्टर करून घ्यावं. मोठा झालेला खांदा आत घेणं हे सगळ्यात किचकट आणि खर्चिक काम, त्यासाठी पूर्ण बाही उसवावी लागते. कंबर, उंची, बाजूची चीर हे मात्र तासाभराचं काम. लग्नसराईत शिंप्याकडे गर्दी असते, तेव्हा ब्लाउज कार्यक्रमाच्या निदान तीन आठवडे आधी टाकावा, आणि नेताना दुकानातच घालून, हात वर करून, खुर्चीवर बसून बघावं. मागच्या हुकांच्या मधे फट पडत असेल किंवा बसल्यावर काखेत ओढत असेल, तर तो तिथेच परत द्यावा.